न दुखणारी अक्कलदाढ

कामगार संघटनेच्या माणसाने दातांविषयी काय बोलावे, असे श्रोत्यांपैकी काहींना वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही आमची सातवीतच सुटली. परंतु वाघोलीत नगर रस्त्यालगतच्या एका गोदामात हमाली करणारा तेवीस वर्षांचा तरुण क्ष-किरण चित्र घेऊन आमच्याकडे आला. "अण्णा, चारही अक्कलदाढा काढा म्हणतात. दुखत तर एकही नाही. काय करू?" पगाराचा हिशेब असता तर जागच्या जागी सांगितला असता. येथे मात्र आम्हांस पुस्तके धुंडाळावी लागली आणि जाणकारांचे उंबरे झिजवावे लागले.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात उगवते. (आमचीही उगवली, बरोबर अक्कल आली की नाही ते मालकवर्गास विचारावे.) जबड्यात जागा उरली नसेल तर ती हाडात किंवा हिरडीखाली अडकते, पुष्कळदा आडवी होऊन पुढच्या दाढेला टेकते. अर्धवट वर आली तर हिरडीच्या झालरीखाली अन्न साचते, सूज येते, पू होतो. कधी पुढची चांगली दाढ किडते. क्वचित हाडात पाण्याची गाठ धरते. असे काही झाले असेल तर दाढ काढावी, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो काहीच न झालेल्या दाढेविषयी.

काढा म्हणणारे सांगतात की पुढे त्रास होणारच, आणि तरुणपणी हाड मऊ असते, जखम लवकर भरते. यातला दुसरा भाग खरा आहे. पहिल्याला आधार कमी. समोरचे दात या दाढेच्या रेट्याने वाकडे होतात, हेही सिद्ध झालेले नाही. उलट शस्त्रक्रियेची किंमत निश्चित आहे. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाची व हनुवटीची नस जाते, शेजारून जिभेची. तिला धक्का लागला तर तो भाग बधिर होतो. बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरा होतो, शंभरांत एखाद्याहूनही कमी लोकांचा कायमचा राहतो. शिवाय रोजंदारीवाल्याचे तीन-चार खाडे पडतात ते वेगळेच.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेस मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००० साली सांगितले की रोग नसलेली अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढणे थांबवावे. पुढे २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगातले अभ्यास तपासले. काढावी की ठेवावी हे ठरविण्याइतका पुरावा तिला सापडला नाही. ठेवलीच तर नियमाने तपासत राहावे, असे तिने म्हटले. हे शेवटचे वाक्य आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. कारण इंग्लंडमध्ये त्या नियमानंतर पुष्कळांच्या दाढा उशिरा, वाढत्या वयात काढाव्या लागल्या, आणि कित्येकांची पुढची दाढ तोवर किडलेली निघाली, असेही तेथल्या दंतवैद्यांनी दाखवून दिले आहे.

म्हणजे तक्रार नाही आणि रोग नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे आम्हांस कोणी शिकवायला नको होते. ज्या कारखान्यात एकही तक्रार अर्ज येत नाही तेथे सारे आलबेल असते काय? बहुधा माणसे भ्यालेली असतात, नाहीतर सोसण्याची सवय झालेली असते. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली. त्याआधी तिची ओळख दगडखाणींची. आम्ही खाणीवरच्या बायाबापड्यांना विचारले तर "दात दुखत नाही" म्हणतात, आणि मिश्री लावून कामाला लागतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरडी बरी होत नाही, वर तंबाखू खाणाऱ्याची दाढ काढल्यावर जखमही लवकर भरत नाही. अशा माणसाच्या "दुखत नाही" वर विसंबून चालत नाही. आरसा, सळई आणि चित्र यांनीच पाहावे लागते.

तेव्हा आम्ही त्या तरुणास तीन प्रश्न लिहून दिले: चारांपैकी कोणत्या दाढेला आज रोग आहे, तो चित्रात दाखवा; नस किती जवळ आहे; आणि ठेवली तर पुन्हा केव्हा यावे. ते घेऊन तो दुसऱ्या दंतवैद्याकडे गेला. खालची डावी दाढ तिरकी होती आणि पुढच्या दाढेला मागून कीड लागू लागली होती, दुखत नसतानाही. ती एक काढली. तीन खाडे झाले. उरलेल्या तीन दाढा जागेवर आहेत. वर्षाने पुन्हा दाखवायच्या आहेत. तारीख त्याने गोदामातल्या आपल्या कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवली आहे.