मऊ आहे म्हणून गळत नाही

डिझेल फिल्टर बदलला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमची जुनी गाडी सुरूच होईना. स्टार्टर जोमात फिरत होता, बॅटरी ठणठणीत होती, टाकी अर्धी भरलेली होती. गाडीखाली डिझेलचा एक थेंबही सांडलेला नव्हता. बंगळुरूच्या जे. सी. रोडवर, टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलपर्यंत, वाहनांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथल्या एका गल्लीतल्या वयस्कर मिस्त्रींनी फिल्टरवरचा हातपंप चार-पाच वेळा दाबून पाहिला आणि निदान केलं : लाइनीनं हवा धरलीय. मग त्यांनी नळीचा बोल्ट खोलला आणि त्याखालची तांब्याची चकती माझ्या तळहातावर ठेवली. तिच्यावर दोन गोल खाचा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. फिल्टर नवा बसला होता, पण चकती जुनीच परत घातली गेली होती.

या चकतीला गॅरेजमध्ये वायसर म्हणतात. इंधनाची नळी जिथे फिल्टरला किंवा पंपाला जोडली जाते, तिथे बहुधा पोकळ बोल्ट असतो. नळीच्या टोकाला बँजो वाद्यासारखं गोल डोकं असतं, त्यातून हा बोल्ट आरपार जातो आणि डोक्याच्या वर एक, खाली एक असे दोन वायसर बसतात. इंधन बोल्टाच्या पोटातून वाहतं. ते बाहेर येऊ न देणं आणि बाहेरची हवा आत जाऊ न देणं, एवढंच या दोन चकत्यांचं काम.

बंगळुरूला इंधनाच्या यंत्रणेची ओळख जुनी आहे. १९५१ साली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, स्थापन झाली आणि पुढे इथल्या आडुगोडीच्या कारखान्यात स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनांचे इंधनपंप तयार होऊ लागले. नंतर कंपनीचा कारखाना नाशिकलाही आला. २००८ मध्ये कंपनीचं नाव ‘बॉश लिमिटेड’ झालं, तरी बंगळुरूत मायको लेआउट आणि नाशकात मायको सर्कल हे पत्ते टिकून आहेत. डिझेलच्या पंपात दट्ट्या आणि त्याच्या नळकांड्यामध्ये जेमतेम दोन-चार मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून ती किती बारीक हे कळावं. पंपाच्या आत गळती रोखली जाते ती अशा काटेकोर घासकामानं. पण जो सांधा रस्त्याकडेला पान्यानं खोलायचा आणि पुन्हा आवळायचा, तिथे एवढा काटेकोरपणा टिकणार नाही. म्हणून तिथे मऊ धातू वापरतात.

डोळ्यांना आरशासारखा दिसणारा लोखंडी पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचा प्रदेश असतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, तर शिखरं तेवढी टेकतात. दऱ्या मोकळ्या राहतात आणि त्यांतून इंधन वाट काढतं. मध्ये मऊ तांबं ठेवून बोल्ट आवळला, की तांबं दबून या दऱ्यांमध्ये शिरतं आणि वाटा बुजतात. आवळताना बोल्ट स्वतःही किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा वायसरला धरून ठेवतो.

मात्र एकदा दबलेलं तांबं पहिल्यासारखं राहत नाही. धातूतले अणू एकावर एक थरांनी रचलेले असतात. धातू वाकतो तेव्हा आख्खा थर एकदम सरकत नाही. रचनेतला दोष, म्हणजे अणूंची एक अर्धवट राहिलेली ओळ, थरातून पुढे पुढे सरकत जाते. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. मऊ तांब्यात हे दोष थोडे असतात, त्यांना रस्ता मोकळा असतो. दाब पडला की त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते आणि ते एकमेकांत अडकतात. संध्याकाळी बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात वाहनं अडकतात, तसे. मग पुढे सरकायला कुणालाच जागा उरत नाही आणि तांबं कडक होतं.

पुण्याच्या तांबट आळीत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांत आहे. मठारकाम करताना पत्रा ठोकून कडक झाला, की तांबट तो भट्टीत लाल करतात. उष्णतेनं नवे, दोषमुक्त स्फटिक तयार होतात आणि पत्रा पुन्हा हातोडीचं ऐकू लागतो. तापवून पाण्यात बुडवल्यावर पोलाद कडक होतं, तांबं होत नाही.

जुना वायसर परत घातला, की तो कडक झालेला असतोच, शिवाय आधीची खाच नेमकी जुन्या जागी बसत नाही. गळू लागला की माणूस बोल्ट आणखी आवळतो. बोल्ट पोकळ असल्यानं तो तुटू शकतो किंवा ॲल्युमिनियमच्या भागातले आटे जातात. वायसर वाचवताना आख्खा भाग बदलायची वेळ येते. पंप जिथे डिझेल ओढून घेतो, त्या बाजूला तर गळती दिसतही नाही, कारण थेंब बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रात्रभरात नळीतलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी आमच्यासारखी फजिती होते. दाबाच्या बाजूला धोका मोठा. तिथून उडालेला डिझेलचा फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला, तर पेट घेऊ शकतो. पेट्रोलची वाफ तर कडाक्याच्या थंडीतही ठिणगीनं पेटते.

तांबटांची युक्ती वायसरला चालते का? अडचणीच्या वेळी चालते, पण फक्त सपाट, एकसंध तांब्याच्या चकतीला. इंधनापासून दूर, मंद लाल होईतो तापवायची, पाण्यात सोडायची, काजळी घासून सपाट करायची. ॲल्युमिनियमला हा प्रयोग करू नये. ते ६६० अंशांना, लाल दिसण्याआधीच वितळतं. आत रबराची कड असलेला वायसर तापवला तर रबर जळतं. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तळाशी बसणाऱ्या वायसरची जाडी ठरलेली असते, तिच्यावर नॉझल किती आत येणार हे अवलंबून असतं. तिथे नवाच घालावा.

रबराचा प्रश्न आता आणखी जवळ आला आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी इंडिया एनर्जी वीकमध्ये, याच बंगळुरूत, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री देशात सुरू झाली. इथेनॉलनं काही प्रकारची रबरं फुगतात आणि नरम पडतात. जुन्या गाडीची पेट्रोलची लाइन खोलाल, तेव्हा रबरी सील इथेनॉलला टिकणारं आहे ना, हे दुकानदाराला विचारून मगच घ्या. आणि गाडी गॅरेजमध्ये सोडताना फिल्टरसोबत नवे वायसरही सांगा. बिलातला तो सर्वांत छोटा आकडा असेल.

मिस्त्रींनी कागदाच्या पुडीतून दोन नवे वायसर काढले, बोल्ट बेतानं आवळला आणि हातपंपानं हवा काढली. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. माझ्या तळहातावरची जुनी चकती त्यांनी उचलून एका पत्र्याच्या डब्यात टाकली. डबा निम्मा भरलेला होता. भरला की भंगारात जातो, म्हणाले. तिथून ते तांबं भट्टीत जाईल, वितळेल आणि पुन्हा मऊ होईल.