ज्याच्या हाती खराटा, त्याच्याच हाती लगाम

मैत्रिणींनो, घोडेस्वारी म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, असंच आपल्याला वाटतं ना? लंडनमध्ये ब्रिक्स्टन नावाची वस्ती आहे. तिथे १९९६ पासून ‘एबनी हॉर्स क्लब’ चालतो. वस्तीतल्या गरीब घरांतली मुलंमुली तिथे घोडेस्वारी शिकतात.

नुसतं पाठीवर बसून भागत नाही. लीद काढायची, खरारा करायचा, खूर साफ करायचे, मग खोगीर चढवायचं. घोडा तसा भित्रा. ओरडलं की बिचकतो, शांत आणि ठाम राहिलं की ऐकतो. म्हणून आधी स्वतःचा राग, स्वतःची भीती आवरावी लागते. एवढं मोठं जनावर आपलं ऐकतंय म्हटल्यावर मुलांची मान ताठ होते.

इथेच शिकलेली खदीजा मेल्ला २०१९ साली, अठराव्या वर्षी, हिजाब घालून गुडवुडची मॅग्नोलिया कप शर्यत जिंकली. शर्यतीच्या घोड्यावर ती पहिल्यांदा बसली, त्याला जेमतेम चार महिने झाले होते!

आपल्या गोठ्यातलं शेण लेकीच काढतात. पण बैलांचा कासरा कुणाच्या हातात असतो? तोही एकदा लेकीच्या हाती देऊन बघा.