रंगाखालचे इंजिन

ट्रकचे इंजिन गेले की गाडीचा हप्ता, मुलांची फी आणि घरची चूल, तिन्हींवर एकदम संकट येते. आमच्या चाचांची गाडी कसारा घाटात तापली, पाणी उकळले आणि ब्लॉकच गेला. नवे इंजिन परवडणारे नव्हते. व्याजाचे कर्ज नको म्हणून चाचींनी बांगड्या विकायला काढून दिल्या आणि आम्ही रे रोडच्या दारूखान्यात जुने इंजिन पाहायला गेलो.

गाडी टाटाची, इंजिन ६९७. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, १२८ चा स्ट्रोक. व्यापाऱ्याकडचे इंजिन करड्या रंगाने चकचकीत रंगवलेले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरून कोरड्या दिसणाऱ्या धान्याच्या आत ओल लागली, हा प्रसंग आपल्या घराघरांत माहीत आहे. इंजिनात हात घालायची जागा म्हणजे तेल भरायची टोपी. तिच्या आत पांढरट साय दिसली तर तेलात पाणी गेले आहे असे समजावे. टोपी स्वच्छ होती. तरी ब्लॉकला तडा निघाला तर बदलून मिळेल, असे आम्ही कागदावर लिहून घेतले.

बरे झाले घेतले! लालबागच्या गॅरेजमध्ये उस्तादांनी इंजिन पूर्ण खोलले, ब्लॉक धुतला आणि पाण्याच्या वाटा बंद करून दाबाची चाचणी केली. एका लायनरजवळ बुडबुडे आले. व्यापाऱ्याने कुरकुरत ब्लॉक बदलून दिला. टेम्पोचे भाडे मात्र आमच्याच अंगावर आले.

मग क्रँकशाफ्ट. मायक्रोमीटरने मापल्यावर झीज दिसली, म्हणून ०.२५ मिलिमीटर ग्राइंडिंग झाले. बेअरिंगही त्याच मापाची घ्यावी लागतात, नाहीतर तेलाचा दाब टिकत नाही. ती आणि लायनर-पिस्टनचा संच गिरगावात ऑपेरा हाऊसच्या बाजारातून आणला. डिझेल पंप आणि नोझल बेंचवर लावून घेतले. हेडचे बोल्ट उस्तादांनी मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्कच्या पान्यानेच आवळले. अंदाजाने आवळणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत.

रेडिएटरचा खर्च वाचवावा असे चाचांच्या मनात होते. उस्ताद अडून बसले: तो उघडून नळ्या साफ केल्याशिवाय इंजिन चढवणार नाही. त्यांचे बरोबर होते. पहिले इंजिन त्या तुंबलेल्या रेडिएटरनेच मारले होते. इंजिन खाली होते तेव्हाच क्लच प्लेटही बदलली.

एक गोष्ट आम्ही विसरणारच होतो. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ब्लॉक बदलला म्हणजे नंबर बदलला आणि आमच्या हातातली पावती होती पहिल्या ब्लॉकची. व्यापाऱ्याकडे पुन्हा जाऊन ती दुरुस्त करून घेतली, मग आरटीओत आरसीवर नोंदीसाठी अर्ज दिला. नोंद नसेल तर विम्याचा दावा अडकू शकतो.

आता गाडी चालते आहे. पहिले तेल बदलेपर्यंत चाचा पूर्ण लोड घेत नाहीत. भाडे कमी येते आणि चाची त्याबद्दल विचारत नाहीत.