जुन्या कौटुंबिक वाहनासाठी स्प्रिंगची निवड : उंची व ताठरता यांतील भेदाचे विवेचन

सारांश :
जुन्या वाहनाची मागील बाजू खाली बसू लागली की 'एक पाटा वाढवा' किंवा 'जाड स्प्रिंग टाका' असा सल्ला सर्रास दिला जातो. या सल्ल्यामागे स्प्रिंगची उंची आणि तिची ताठरता या दोन भिन्न गुणधर्मांची गल्लत असते. वापराने बसलेल्या स्प्रिंगने प्रामुख्याने उंची गमावलेली असते, तिची ताठरता बहुतांशी कायम राहते. म्हणून नवी स्प्रिंग निवडताना 'वाहन किती खाली बसले आहे' यापेक्षा 'ते कशामुळे बसले आहे' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात हा मुद्दा पदार्थविज्ञानातील प्राथमिक सूत्रे व एका प्रत्यक्ष वाहनावरील मोजमापे यांच्या आधारे स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : कमानपाटे, स्प्रिंग, ताठरता, वारंवारता, वाहनसुरक्षा

१. प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागात टाटा सुमो (१९९४) आणि महिंद्रा बोलेरो (२०००) यांसारख्या वाहनांनी प्रवासाची पद्धतच बदलली. पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे कमानपाटे अशी या वाहनांची रचना आहे. असे वाहन केवळ एका व्यक्तीचे नसते. लग्नकार्य, दवाखाना, आठवडी बाजार, खताच्या गोण्या आणि मुलांची शाळा असा सर्व भार ते वाहते. आपल्यापैकी अनेक प्राध्यापकही तालुक्याच्या गावाहून महाविद्यालयात अशाच वाहनाने एकत्र ये-जा करतात. नवे वाहन घेणे परवडत नसल्याने जुने वाहन दुरुस्त करून वापरण्याकडे कल असतो. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढविता येते. त्यामुळे पंधरा वर्षांचे वाहन आणखी काही वर्षे चालविण्याचा विचार अनेक कुटुंबांत होतो आणि त्या वेळी पाटे व स्प्रिंग यांचा प्रश्न हमखास पुढे येतो.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबात २००९ साली घेतलेले, वर सांगितलेल्या रचनेचेच एक वाहन आहे. तेरा वर्षांच्या वापरानंतर त्याची मागील बाजू बसली. एका स्थानिक गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंना जास्त कमान दिलेला एकेक पाटा वाढविण्यात आला. वाहन उंच झाले आणि घरातील सर्वांना समाधान वाटले. तथापि रिकाम्या वाहनाला खड्ड्यांत जोराचे हादरे बसू लागले. मणक्याचा त्रास असलेल्या आईने मागील आसनावर बसणे सोडून दिले. २०२३ च्या पावसाळ्यात रिकामे वाहन घाटातील ओल्या वळणावर मागून घसरले आणि कठड्याला घासून थांबले. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. या घटनेचे सर्व कारण वाढविलेल्या पाट्यात शोधणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरणार नाही, कारण रस्ता ओला होता व टायरही नवे नव्हते. परंतु पाटा वाढविल्याने नेमके काय बदलले, याचा शोध घेण्याची निकड या घटनेने निर्माण केली.

२. उद्दिष्टे

(१) स्प्रिंगची उंची व ताठरता यांतील भेद स्पष्ट करणे.
(२) वाहनमालकास सहज करता येतील अशा मोजमापांची पद्धत सांगणे.
(३) स्प्रिंग बदलताना घ्यावयाचे निर्णय व दक्षता यांची मांडणी करणे.

३. सैद्धांतिक पार्श्वभूमी

रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार स्प्रिंगवरील बल आणि तिच्या लांबीतील बदल हे सम प्रमाणात असतात. या प्रमाणाच्या स्थिरांकास येथे ताठरता असे म्हटले आहे. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यासाठी किती बल लागते, हे ताठरता सांगते. भार नसताना स्प्रिंग किती उंच आहे किंवा पाट्याला किती कमान आहे, ही बाब मात्र ताठरतेत येत नाही. समान ताठरतेच्या दोन स्प्रिंग निरनिराळ्या उंचीच्या असू शकतात.

गुंडाळीच्या स्प्रिंगची ताठरता तारेच्या जाडीच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात असते, तर वेढ्याच्या व्यासाच्या तृतीय घाताच्या आणि कार्यकारी वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. उदाहरणादाखल १४ मि.मी. जाडीची तार, १२० मि.मी. सरासरी व्यास व सहा कार्यकारी वेढे घेतल्यास ताठरता सुमारे ३६.६ न्यूटन प्रति मि.मी. येते. तार केवळ १ मि.मी. जाड घेतली, तर ती ४८.२ होते, म्हणजे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते. हाताला जेमतेम जाणवणारा जाडीतील फरक प्रवाशाच्या पाठीला मात्र स्पष्ट जाणवतो. वाहन खाली आणण्यासाठी एक वेढा कापून टाकणाऱ्यांच्या हेही लक्षात येत नाही की, उरलेली स्प्रिंग २० टक्के अधिक ताठर झालेली असते.

कमानपाट्यांच्या बाबतीत जाडीचा तृतीय घात आणि पाट्यांची संख्या निर्णायक ठरते. समान जाडीच्या पाच पाट्यांत सहावा पाटा घातल्यास ताठरता ढोबळमानाने २० टक्के वाढते. पाट्यांची जाडी ८ ऐवजी ९ मि.मी. केल्यास ती सुमारे ४२ टक्के वाढते.

आता स्प्रिंग 'बसते' म्हणजे काय होते, ते पाहू. दीर्घकाळ भाराखाली राहिलेल्या पोलादात अल्प प्रमाणात कायमस्वरूपी विरूपण साचत जाते व कमान कमी होते. पण ताठरता ज्यांवर अवलंबून असते ते घटक, म्हणजे पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, जाडी, लांबी व वेढ्यांची संख्या, यांत फारसा बदल होत नाही. पाटा तुटला असेल किंवा गंजाने तार झिजली असेल, तरच ताठरता लक्षणीय घटते. बसलेली स्प्रिंग 'नरम' झाली आहे असे आपण म्हणतो, ते बहुधा खरे नसते. ती केवळ बुटकी झालेली असते.

४. प्रत्यक्ष मोजमाप

वरील विधानाची पडताळणी करण्यासाठी वाढविलेला पाटा काढून टाकण्यात आला. मूळ, बसलेल्या पाट्यांवर वाहन साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नेले आणि पुढील व मागील चाकांवरील भार स्वतंत्रपणे मोजला. केवळ चालक असताना मागील चाकांवर ८६० किलो भार होता. कुटुंबातील सर्व माणसे व सामान चढविल्यावर तो १२७० किलो झाला, म्हणजे प्रत्येक बाजूस २०५ किलोंची भर पडली. दोन्ही वेळा चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. जमिनीपासून मोजल्यास टायरचे दबणेही त्यात मिसळते, म्हणून ते टाळले. पाट्यांमधील घर्षणामुळे वाहन एका जागी अडकून राहू नये यासाठी प्रत्येक मोजमापापूर्वी ते हाताने वरखाली हलवून तीन नोंदींची सरासरी घेतली. भारामुळे उंची सुमारे ५० मि.मी. ने कमी झाली. यावरून ताठरता सुमारे ४० न्यूटन प्रति मि.मी. येते. म्हणजेच दर चार किलोंमागे वाहन साधारण एक मिलिमीटर खाली जाते.

त्यानंतर मूळ मापाचे नवे पाटे बसवून हीच कृती केली. रिकाम्या वाहनाची उंची ३८ मि.मी. ने वाढली. पण तेवढाच भार चढविल्यावर वाहन पुन्हा सुमारे ५० मि.मी. च खाली गेले. जुन्या व नव्या पाट्यांची ताठरता जवळपास सारखी होती, फरक होता तो कमानीत. एका वाहनावरील हे मोजमाप सर्वांना लागू करणे उचित नसले तरी ते सैद्धांतिक अपेक्षेशी जुळणारे आहे.

५. पाटा वाढविल्याचे परिणाम

आता वाढविलेल्या पाट्याचा हिशेब मांडता येतो. मागील धुरा व चाके यांचे अंदाजे १६० किलो वजन स्प्रिंगवर येत नाही. ते वजा केल्यास रिकाम्या वाहनात प्रत्येक बाजूच्या पाट्यांवर ३५० किलो भार येतो. ताठरता ४० असताना पाटे सुमारे ८६ मि.मी. दबतात आणि ती ४८ झाल्यावर सुमारे ७२ मि.मी. दबतात. म्हणजे वाढीव ताठरतेमुळे उंची मिळते ती केवळ १४ मि.मी.! उरलेली उंची पाट्याला दिलेल्या जास्त कमानीमुळे मिळालेली होती, आणि ती मूळ मापाच्या नव्या पाट्यांनीही मिळालीच असती.

या १४ मि.मी. ची किंमत मात्र मोठी असते. स्प्रिंगवरील वाहनाची नैसर्गिक वारंवारता तिच्या दबण्यावर अवलंबून असते. रिकाम्या वाहनात ती १.७० वरून सुमारे १.८६ हर्ट्झपर्यंत गेली. प्रवाशांना साधारण १ ते १.५ हर्ट्झ वारंवारता सुखावह वाटते. मानवी शरीर ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना विशेष संवेदनशील असते आणि ताठर स्प्रिंग रस्त्यावरील अशी कंपने अधिक प्रमाणात आत पोहोचविते. आईची तक्रार ही केवळ वयोमानाची तक्रार नव्हती, तिला भौतिक आधार होता.

सुरक्षिततेच्या दृष्टीने आणखी दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली बाब वळणावरील पकडीची. केवळ मागील बाजू ताठर केल्यास वळणावर मागील बाहेरच्या चाकाकडे अधिक भार जातो व आतील चाक हलके होते. मागील दोन्ही टायरांची एकत्रित पकड घटते आणि वाहनाची मागील बाजू बाहेर फेकली जाण्याची प्रवृत्ती वाढते. दुसरी बाब ब्रेकची. काही वाहनांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप असते. तिला भार प्रत्यक्ष कळत नाही. धुरा व सांगाडा यांमधील अंतरावरून ती भाराचा अंदाज घेते. वाहन उंच केल्यास भरलेले वाहनही तिला रिकामे भासते व मागील ब्रेक कमी लागतो. उलट पाटे बसलेले असल्यास रिकामे वाहन तिला भरलेले भासते आणि मागील चाके वेळेआधी जाम होऊ शकतात. म्हणून बसलेले पाटे तसेच ठेवणे हेही सुरक्षित नाही.

६. निवडीची दिशा

प्रथम निदान करावे. वाहन सपाट जागी उभे करून टायरमधील हवा, तुटलेला पाटा, झिजलेले बुश, शॅकल, सैल यू-बोल्ट व गळणारे शॉक ॲब्सॉर्बर तपासावेत. साध्या शॉक ॲब्सॉर्बरचे काम कंपने शमविण्याचे असते. ते वाहनाचा भार पेलत नाहीत, त्यामुळे ते बदलून उंची परत मिळत नाही. कारण निश्चित झाल्यावर पुढील चार प्रसंग संभवतात.

(अ) वापर पूर्वीसारखाच आहे आणि केवळ उंची कमी झाली आहे. अशा वेळी मूळ मापाची व मूळ ताठरतेची नवी स्प्रिंग घ्यावी. बहुसंख्य कौटुंबिक वाहने याच वर्गात मोडतात.

(आ) वाहनावर कायमचा भार वाढला आहे, उदाहरणार्थ लोखंडी कॅरिअर किंवा जड गार्ड. अशा वेळी तो भार वजनकाट्यावर मोजून तेवढ्याच प्रमाणात वाढीव ताठरता व उंची निवडावी. शक्य असल्यास तो भारच काढून टाकणे अधिक स्वस्त पडते.

(इ) भार कधी फार, कधी अल्प असतो. अशा वेळी सरसकट ताठर पाट्यांऐवजी ठराविक दबावानंतरच कामाला लागणारा मदतनीस पाटा किंवा क्रमाने ताठर होत जाणारी स्प्रिंग उपयुक्त ठरते.

(ई) वाहन नेहमीच नोंदणी प्रमाणपत्रावरील कमाल वजनापेक्षा जास्त भरले जाते. यावर कोणतीही स्प्रिंग हा उपाय नाही. स्प्रिंग ताठर केल्याने धुरा, ब्रेक, टायर व सांगाडा यांची क्षमता वाढत नाही. केवळ अतिभार दिसेनासा होतो आणि हीच सर्वांत धोकादायक गोष्ट आहे.

जुन्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देण्याची पद्धत स्वस्त असली तरी अशी कमान अनेकदा लवकर उतरते. पाटा किंवा स्प्रिंग गॅसच्या ज्योतीने तापविणे तर सर्वथा टाळावे, कारण त्यामुळे पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ते पुन्हा बसते किंवा तुटते. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत स्प्रिंगवरील रंगाचा थर निघालेला नाही ना, हेही पाहावे. गंजाच्या बारीक खड्ड्यातून धातूच्या थकव्याची भेग सुरू होते.

स्प्रिंग एका धुऱ्यावर नेहमी जोडीने बदलावी. यू-बोल्ट नवे घ्यावेत व काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. रबरी बुशांचे बोल्ट वाहन चाकांवर उभे असताना अंतिमतः आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेले राहते. हेडलाइटची दिशा, चाकांचे अलाइनमेंट व भारानुसार चालणारी झडप यांची तपासणी करून घ्यावी. पुढील गुंडाळीची स्प्रिंग घरी उघडण्याचा मोह टाळावा. वर उल्लेखिलेली ३६.६ न्यूटन प्रति मि.मी. ची स्प्रिंग २०० मि.मी. दाबल्यावर तिच्यात सुमारे ७३० ज्यूल ऊर्जा साठते. ७५ किलोंचा माणूस एक मीटर उचलण्यास एवढीच ऊर्जा लागते. योग्य दाबयंत्राशिवाय ती निसटल्यास प्राणावर बेतू शकते.

वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, याचीही जाणीव ठेवावी. मूळ मापाची स्प्रिंग निवडल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

७. निष्कर्ष

१. वापराने बसलेली स्प्रिंग मुख्यतः उंची गमावते. तिची ताठरता बहुतांशी टिकून असते.
२. उंची परत मिळविण्यासाठी ताठरता वाढविणे हा चुकीच्या रोगावरील उपचार ठरतो. त्यातून मिळणारी उंची अल्प आणि सुख व सुरक्षिततेची हानी अधिक असते.
३. वजनकाटा व मोजपट्टी या दोन साधनांनी कोणताही वाहनमालक आपल्या स्प्रिंगची ताठरता तपासू शकतो.
४. निवडीचा आधार वाहनाचा नेहमीचा भार हा असावा, वर्षातून दोनदा येणारा कमाल भार नव्हे.

बारावीपर्यंत शिकविला जाणारा हूकचा नियम आपण फळ्यावर अनेकदा लिहितो. प्रस्तुत लेखकाने तो स्वतःच्या अंगणातील वाहनाला वेळीच लावून पाहिला असता, तर एक पाटा व घाटातील तो प्रसंग दोन्ही टळले असते असे वाटते. पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांना हे मोजमाप प्रकल्प म्हणून देता येईल. त्यातून पाठ्यपुस्तकातील सूत्र आणि घरातील माणसांची सुरक्षितता यांमधील नाते त्यांच्या प्रत्ययास येईल.