कुडाचे घर

लाकडी सांगाड्यात कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या बांधून त्यांवर माती व शेण यांचे लिंपण केले म्हणजे जी भिंत तयार होते, तिला कूड म्हणतात व अशा भिंतींच्या घरास कुडाचे घर म्हणतात. ही पद्धती फार प्राचीन आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननात (१९६८–८३) ताम्रपाषाणयुगीन कुडाच्या घरांचे अवशेष मिळाले. मध्ययुगीन यूरोपातही लाकडी चौकटींतील भिंती अशाच भरीत. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इ. जमातींची व कुणब्यांची जुनी घरे याच प्रकारची होत.

बांधणी : दुबेळके असलेले खांब (मेढी) जमिनीत पुरून त्यांवर आढे व तुळया टेकवितात आणि वासे बसवितात. छपराचा सर्व भार मेढींवर असतो. कूड हा केवळ आडोसा असल्याने तो पातळ असला तरी चालतो व छपरास धक्का न लावता बदलता येतो. छप्पर पूर्वी भाताच्या पेंढ्याने किंवा गवताने शाकारीत. पुढे कौले आली.

हवामानाशी मेळ : या भागात वर्षाकाठी दोन हजार मिमी. हून अधिक पाऊस, बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या काळात, पडतो. म्हणून जोते उंच, छपराचा उतार तीव्र व वळचण भिंतीपासून बरीच पुढे काढलेली असते. झडीच्या बाजूस गवताच्या किंवा पानांच्या ताट्या लावतात. पातळ कूड उष्णता फारशी साठवीत नसल्याने घर रात्री लवकर निवते. सिमेंटचे किंवा लोखंडी पत्रे उन्हात चटकन तापतात व ती उष्णता खाली सोडतात.

सामग्री : कारवी (शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा) सात-आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक रीत्या फुलते व बी धरून मरते. तिच्या वाळलेल्या काठ्या नेल्याने पुढील पिढीस बाधा येत नाही. बी धरण्यापूर्वी सरसकट तोड झाल्यास मात्र पुनरुत्पत्ती खुंटते. भट्टी लागत नाही, वाहतूक अल्प असते आणि जुना कूड मोडल्यास माती मातीत मिसळते.

मर्यादा व भवितव्य : वाळवी, आग व मेढींचे बूड कुजणे हे या घराचे मुख्य दोष होत. दरवर्षी लिंपणे व सारवणे आवश्यक असते. हे श्रम बहुधा स्त्रियांवर पडतात. मजुरीसाठी कुटुंब स्थलांतर करू लागले, की ही निगा राहत नाही. वनांवरील निर्बंधांमुळे काठ्या व लाकूड मिळणेही कठीण झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, झुडपी लाकूड इ. गौण वनोपजांवरील हक्क मान्य केले; तथापि शासकीय घरकुल योजनांतून मुख्यतः विटा व सिमेंट यांचीच घरे उभी राहिली. ती टिकाऊ असल्याने लोकांस हवी असतात, हे स्वाभाविक आहे. दगडी जोते, मेढींखाली दगडी बैठक व वर कौलारू छप्पर एवढ्या सुधारणांनी कुडाचे आयुष्य वाढते. परंतु मेढ निवडणारे व कूड विणणारे हात उरले नाहीत, तर केवळ सामग्री उपलब्ध असून ही पद्धती टिकणार नाही.