संगणक कोलमडला? आधी ‘पंचनामा’ वाचा

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील विमानतळ, रुग्णालये आणि बँकांमधील संगणकांचे पडदे एकाएकी निळे झाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडल्याचा अंदाज मायक्रोसॉफ्टने वर्तविला होता. दोषाचा माग काढताना उपयोगी पडली ती कोलमडताना यंत्रांनीच नोंदवून ठेवलेली माहिती.

घरच्या संगणकाबाबत मात्र ही माहिती बहुधा वाया जाते. पडदा क्षणभर निळा होतो, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते आणि ‘फॉरमॅट मारा’ असा सल्ला मिळतो. फॉरमॅटबरोबर पुरावा तर पुसला जातोच. पण दोष मेमरीच्या चिपमध्ये असेल, तर तोच प्रकार पुन्हा घडतो.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, न सावरता येणारी चूक झाली की डिस्कवरील माहिती बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच काम थांबवते. थांबण्यापूर्वी ती मेमरीतील आवश्यक मजकूर ‘पेज फाइल’ या राखीव जागेत उतरवते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर त्यातून ‘डम्प’ फाइल तयार होते. म्हणूनच जागा वाचविण्यासाठी पेज फाइल बंद केली असल्यास ही नोंद सहसा हाती लागत नाही.

यासाठी पूर्वतयारी सोपी आहे. सिस्टिम प्रॉपर्टीजमधील ‘अॅडव्हान्स्ड’ विभागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ची सेटिंग्ज उघडावीत. तेथे ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरील खूण काढावी, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचण्यास वेळ मिळेल. खाली ‘स्मॉल मेमरी डम्प’ हा पर्याय निवडावा. ही छोटी फाइल विंडोज फोल्डरमधील ‘मिनीडम्प’ या उपफोल्डरमध्ये साठते. पडद्यावरील ‘स्टॉप कोड’चे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. विंडोज ११च्या २०२५मधील अपडेटनंतर हा पडदा निळ्याऐवजी काळा दिसतो; स्टॉप कोड मात्र त्यावरही असतो.

मायक्रोसॉफ्टच्या ‘विनडीबीजी’ या मोफत साधनात ही फाइल उघडली की संशयित ड्रायव्हरचे नाव अनेकदा समजते. प्रत्येक वेळी वेगळाच ड्रायव्हर दोषी दिसत असेल, तर मेमरीची चाचणी घेणे इष्ट.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. पूर्ण मेमरीच्या डम्पमध्ये त्या क्षणी उघडी असलेली कागदपत्रे, प्रसंगी पासवर्डही असू शकतात. त्यामुळे तो अनोळखी व्यक्तीच्या हाती देऊ नये. दुरुस्तीसाठी संगणक देताना मात्र मिनीडम्पची प्रत आणि स्टॉप कोड सोबत द्यावा आणि फॉरमॅट करण्यापूर्वी कारण अवश्य विचारावे.