तक्रार नाही म्हणून तपासणी नाही?

'अंगावरून पांढरे जाते' हे आपल्या वस्तीतली बाई सांगते ते शेजारणीच्या कानात. नवऱ्याला नाही, डॉक्टरला तर नाहीच. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के!

अशाच रोगांपैकी एक ट्रायकोमोनास. शरीरसंबंधातून पसरणारा एकपेशीय परजीवी. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अंदाज जगभरात १५ कोटी ६० लाख नव्या लागणींचा आहे. खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा स्राव ही लक्षणे. पण बहुतेकांना काहीच जाणवत नाही. एचआयव्हीची लागण होण्याचा धोका मात्र वाढतोच.

आमचा आक्षेप इथे आहे. सरकारी दवाखान्यात तक्रार ऐकून गोळ्यांचे रंगीत पाकीट हाती ठेवतात. जिला तक्रारच नाही तिचे काय? सूक्ष्मदर्शकाखाली स्राव पाहिला तर हा जीव हलताना दिसतो, पण नमुना ताजा हवा, आणि तरीही बऱ्याच लागणी निसटतात. जनुकीय चाचणी अधिक खात्रीची. क्षयासाठी सरकारने जी सीबीनॅट यंत्रे बसवली, त्याच प्रकारच्या यंत्रावर ती होते. कार्ट्रिज तेवढे वेगळे लागते.

सरसकट सगळ्या स्त्रियांना तपासा, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्रही तसे सांगत नाही. पण एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीची तपासणी दरवर्षी करा, असे ते स्पष्ट सांगते. आपल्या एआरटी केंद्रांत या भगिनी औषधांसाठी येतातच. सुरुवात तिथून करायला काय हरकत आहे? मेट्रोनिडाझोल स्वस्त आहे. स्त्रीला दिवसातून दोनदा, सात दिवस. नवऱ्यालाही त्याच वेळी औषध हवे, नाहीतर आजार परत येतो. म्हणून तीन महिन्यांनी फेरतपासणी.

आणि शिबिराचा फलक लावून दलित वस्तीच 'गुप्तरोगी' ठरवण्याचा उद्योग कोणी करणार असेल, तर त्याला आमचा विरोध राहील. ही लागण लक्षणांशिवाय महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे अंगात राहते. ती कधी झाली, कोणाकडून आली, हे चाचणी सांगत नाही. अहवाल हाती आल्यावर बायकोच्या चारित्र्याचा पंचनामा करायला बसणाऱ्या नवऱ्याला ही गोष्ट दवाखान्यातच, औषध देतानाच, समजावून सांगितली पाहिजे.